लेखी द्या, भाऊ

दिलीपभाऊंनी आमच्या व्याख्यानमालेची पत्रिका माझ्या टेबलावर ठेवली आणि तिसऱ्या नावावर बोट टेकवलं.

"हे नाव काढा, मॅडम."

मी चष्मा लावून पाहिलं. नाव इंगळे सरांचं होतं. वरवट बकालकडचे हायस्कूलचे शिक्षक आणि वऱ्हाडीतले हास्यकवी. मला नावाचं आश्चर्य वाटलं नाही, बोटाचं वाटलं. कारण दोनच वर्षांपूर्वी याच टेबलावर, याच नावावर गजूभाऊंनी बोट ठेवलं होतं. आणि विरोधी पक्षांचे हे दोन कार्यकर्ते एकमेकांच्या घरच्या लग्नातसुद्धा जेवत नाहीत.

मी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. लोकांना वाटतं ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारी-घेणारी बाई. खरं काम वेगळं असतं. छत गळतं तिथून कपाट हलवायचं, स्पर्धा परीक्षेच्या मुलांची खुर्च्यांवरून होणारी भांडणं सोडवायची आणि वर्षातून एकदा व्याख्यानमाला पार पाडायची. पहिल्या दोन कामांत राजकारण नसतं.

आधी दोन वर्षांपूर्वीचं सांगते.

तेव्हा आमदारकी गजूभाऊंच्या साहेबांकडे होती. इंगळे सरांची एक कविता गाजत होती. तीत कोणाचं नाव नाही, पक्ष नाही, गावही नाही. फक्त एक नाला आहे आणि चार वेळा भूमिपूजनाचा नारळ फोडूनही त्यावर न झालेला पूल.

'चार डाव नारय फुटला, पूल काही दिसेना;
गुडघाभर पाण्यात उभा मी, फोटोत काही बसेना.'

गजूभाऊ दहा-बारा जणांना घेऊन आले. "हा मास्तर आमच्या साहेबाची बदनामी करून राह्यला. कार्यक्रम झाला तर खुर्च्या राह्यनार नाही, सांगून ठेवतो." मी आमच्या अध्यक्षांना फोन लावला. ते कापडाचे व्यापारी, स्वभावाने मऊ. म्हणाले, "मॅडम, काऊन झंझट घेता? अपरिहार्य कारण लिहून टाका ना."

मी लिहून टाकलं. 'अपरिहार्य कारणास्तव आजचा कार्यक्रम रद्द.' खाली सही केली, शिक्का मारला. मग सरांना फोन केला. ते निघाले होते, बस खामगावच्या जवळ आली होती.

"बरं मॅडम," ते म्हणाले. "मंग मी खामगावलेच उतरतो."

एवढंच. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर जे झालं ते मला हळूहळू कळत गेलं. एका ठिकाणी कार्यक्रम रद्द झाला की बाकीचे आयोजक फोन करतात. मला तीन फोन आले. "सरांचं काय लफडं आहे?" मी प्रत्येकाला म्हटलं, "लफडं काही नाही, पण सध्या थांबलेलं बरं." तिघेही थांबले. सरांच्या शिक्षणसंस्थेने त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला. सरांनी वर्षभर माइक हातात धरला नाही.

पण एक माणूस त्यांच्या बाजूने उभा राहिला. दिलीपभाऊ.

ते आमच्या पायऱ्यांवर आले, सोबत फोटोग्राफर होता. "हे कॅन्सल कल्चर आहे," ते म्हणाले. न पटणाऱ्या माणसाचे कार्यक्रम बंद पाडण्याला असलेला हा शब्द त्यांनी टीव्हीवरच्या चर्चेतून उचलला होता, आणि आमच्यासमोर तो 'क्यान्सर कल्चर' असा बाहेर पडला. तसाच पेपरात छापून आला. "कवीचा आवाज दाबनारे हुकूमशहा असतात! आम्ही सरांच्या पाठीशी आहो!" पुढच्या महिन्यात त्यांनी सरांना आपल्या सभेत बोलावून शाल दिली. सरांना कविता मात्र वाचू दिली नाही. वेळ नव्हता म्हणे.

निवडणूक झाली. गजूभाऊंचे साहेब पडले, दिलीपभाऊंचे निवडून आले. नाल्यावर नवं भूमिपूजन झालं. पूल अजून नाही.

तर आता तेच दिलीपभाऊ माझ्या टेबलावर बोट टेकवून उभे होते.

"भाऊ," मी म्हटलं, "तुम्हीच तर तेव्हा सरांच्या पाठीशी होता."

"तवाची गोष्ट अलग होती, मॅडम."

"कविता तर तीच आहे."

"कविता तीच आहे हो, पन आता ती आमच्या साहेबाले लागून राह्यली ना!"

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कार्यकर्त्या पोरांना यात काही विनोदी वाटलं नाही.

"म्हणजे हे कॅन्सल कल्चर झालं," मी म्हटलं.

"छे! हा जनतेचा रोष आहे."

माझ्या निवृत्तीला पाच महिने होते. हे मी धैर्य म्हणून सांगत नाही. पाच महिन्यांसाठी कोणी माझी बदली करणार नव्हतं, आणि वाचनालयात बदली होतच नाही. पण खामगावला उतरलेला तो माणूस माझ्या डोक्यातून उतरला नव्हता.

मी आवक रजिस्टर उघडलं. आवक म्हणजे कार्यालयात येणाऱ्या कागदांची वही. आलेल्या प्रत्येक पत्राला तिथे नंबर पडतो. नंबर पडला की ते पत्र समितीपुढे ठेवावंच लागतं. तोंडी धमकीला नंबर नसतो. गजूभाऊंच्या वेळी मी कागद मागितलाच नव्हता.

"लेखी द्या, भाऊ," मी म्हटलं. "कोणती ओळ आक्षेपार्ह, ती कोणाबद्दल आहे, कशावरून. खाली सही. मी लगेच नंबर देते."

"देतो ना! भितो काय आपन?" त्यांनी पेन घेतलं. अक्षर चांगलं होतं. ते मोठ्याने म्हणत लिहू लागले, "सदर कवितेमध्ये, आमच्या साहेबांनी वारंवार भूमिपूजन करूनही पूल झाला नाही, असे जे वर्णन..."

पेन थांबलं.

मागून त्यांचा एक कार्यकर्ता हळूच म्हणाला, "भाऊ, हे तर आपनच लिहून देऊन राह्यलो."

दिलीपभाऊंनी कागद फाडला. दुसरा घेतला. "सदर कवितेतील व्यक्तीचा आमच्या साहेबांशी कोणताही संबंध नसून..."

"मग हरकत कशाला?" मी विचारलं.

"लोकाइले तसं वाटते, मॅडम!"

"मग लोकांना लिहून द्यायला सांगा."

तिसरा कागद त्यांनी घेतला नाही. पाणी प्यायले, "पाहून घेऊ" म्हणाले आणि गेले. अध्यक्षांचा फोन आला. या वेळी मीच आधी बोलले, "साहेब, रद्द करायचं असेल तर तुमच्या सहीचं पत्र पाठवा." पत्र आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गजूभाऊ हजर. हातात गुलाबाचं फूल, मागे फोटोग्राफर. तोच.

"मॅडम, या क्यान्सल कल्चरविरुद्ध आम्ही ढाल बनून उभे राहू! हे घ्या निवेदन." निवेदन म्हणजे मागणीपत्र, ज्याचा फोटो मजकुराआधी तयार असतो.

मी निवेदनाला नंबर दिला आणि म्हटलं, "गजूभाऊ, यात एक ओळ वाढवा. दोन वर्षांपूर्वी आम्ही याच कवीचा कार्यक्रम बंद पाडला, ती चूक होती."

"ते बंद पाडनं नव्हतं, मॅडम. भावना होत्या."

"कुठे गेल्या आता?"

"कोन?"

"भावना."

गजूभाऊ फोटोग्राफरकडे वळले. "झाला का बे फोटो?"

कार्यक्रमाच्या दिवशी इंगळे सर लवकर आले. केस जास्त पांढरे झाले होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. ती वाचू का नको, तेवढं सांगा." मी म्हटलं, वाचा.

पहिल्या रांगेत डावीकडे दिलीपभाऊ, उजवीकडे गजूभाऊ. सरांनी पुलाची कविता सुरू केली, तशा आधी मागच्या बायका हसल्या. मग गजूभाऊ दिलीपभाऊंकडे पाहून मांडी थोपटत हसले. दिलीपभाऊ चिडले, मग ही कविता मुळात कोणाच्या साहेबांच्या वेळची ते त्यांना आठवलं असावं, ते गजूभाऊंकडे बोट करून त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसले. पेपरात दोघांचा एकत्र हसताना फोटो आला. खाली ओळ होती, 'कवितेला सर्वपक्षीय दाद.'

सरांना पुन्हा बोलावणी येऊ लागली, पण पहिल्यासारखी नाही. संस्थेने मागवलेला खुलासा त्यांच्या सेवापुस्तकात अजून लावलेला आहे. तो काढायला कोणताच पक्ष निवेदन घेऊन गेला नाही. त्यात फोटो नव्हता.

निवृत्त होताना मी नव्या ग्रंथपाल मॅडमना चार्ज दिला. किल्ल्या दिल्या, कुठलं कपाट अडतं ते दाखवलं. मग म्हटलं, "भावना दुखावल्या म्हणून कोणी आलं तर उद्धट बोलू नका. खुर्ची द्या, पाणी द्या आणि एक कोरा कागद द्या. खुर्ची आणि पाणी घेतील. कागद तुमच्याकडेच राहील."