सातवी गाठ

पोस्टवर पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी नायक बस्त्यावच्या दोरीची एक गाठ सोडली. चांगलं काम करतोय असं समजून सोडली. घाटकोपरला आमच्या सोसायटीत लोकांना वाटतं, मी फौजेत रोज गोळ्या झाडत होतो. प्रत्यक्षात मी पॅट्रोलचा पेसर होतो, म्हणजे पावलं मोजणारा. शंभर पावलं झाली की बोट पुढच्या गाठीवर. नाल्यापर्यंत नऊशे पावलं, म्हणून माझ्या दोरीला नऊ गाठी. बंकरमध्ये खिळ्याला दुसरी दोरी टांगलेली दिसली, तिला दहा. म्हटलं, कुणीतरी मोजण्यात चुकलाय.

"माझ्या एका नमो मारियाची वाट लावलीस ना," बस्त्याव म्हणाला आणि गाठ परत मारली.

बस्त्याव बोरिवलीच्या खाडीपलीकडचा, गोराईचा. घरून आणलेली जपमाळ काचेच्या मण्यांची. पॅट्रोलआधी आम्हाला जागच्या जागी उड्या मारायला लावत; ज्याचं जे वाजेल ते काढून ठेवायचं. त्याचे मणी वाजले. म्हणून त्यानं तंबूच्या दोरीला दहा गाठी मारल्या, हातमोज्यातूनही बोटाला लागतील इतक्या जाड. एका गाठीवर अंगठा, मनात एक प्रार्थना, मग पुढची गाठ.

"देवाला ऐकू जातं का रे असं?" मी विचारलं.

"तुला ऐकू येत नाही ना? मग झालं."

पुढे एका सकाळी आम्ही सहा जण ०७३० ला निघालो. धुकं होतं. बस्त्याव माझ्या पुढे, डाव्या हाताला दोरी गुंडाळलेली. ०९१० ला वरून फायर आला. पहिल्याच बर्स्टमध्ये तो पडला. मी त्याला दगडामागे ओढलं. मागे आमचा हवालदार रेडिओवर होता.

"वन कॅज्युअल्टी. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"फोर्टी मिनट्स. होल्ड करो. ओव्हर."

जखम पोटात होती. ड्रेसिंग दाबून धरायला मला दोन्ही हात हवे होते. तेवढ्यात त्यानं दोरी माझ्या बोटांत दिली.

"इथंच धर. ही गाठ."

"गप पड रे." मी दोरी खिशात कोंबली.

"धरलीस?"

"धरली."

स्ट्रेचर ०९५५ ला आलं. तो ०९४० ला गेला होता.

सुट्टीवर आल्यावर बायकोला, वैशालीला, सगळं सांगितलं. दोघं होडीनं गोराईला गेलो. दोरी बस्त्यावच्या आईच्या हातात दिली. तिनं एकेक गाठ चाचपली.

"फोनवर सांगायचा, गाठींवर म्हणतो म्हणून. शेवटाला कुठल्या गाठीवर होता, बाबा? अर्धी राहिली असेल. तिथून पुढं मी म्हणते."

खिशात कोंबताना मी पाहिलं नव्हतं. सारी नोकरी मोजण्यात गेली, आणि एवढं एक मोजलं नव्हतं. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. वैशालीही.

"सातवी," मी म्हणालो.

तिनं सहा गाठी ओलांडल्या, सातवीवर अंगठा ठेवला आणि डोळे मिटले. ओठ हलत राहिले. चार गाठी. कुणी हुकूम दिला नव्हता, तरी मी सावधान उभा होतो.

परतताना होडीत म्हणालो, "खोटं बोललो मी."

"बोललात," वैशाली म्हणाली. होडी किनाऱ्याला लागल्यावर आधी ती उतरली. मग म्हणाली, "दहावी म्हणाला नाहीत, ते बरं केलंत. एका गाठीत आटोपलं असतं त्यांचं."