ओठांतले तीन खिळे

तिला हसायला कारण लागत नसे, आणि कारण मिळालंच तर मग विचारायलाच नको. बाबांनी लहानपणी तिचं नाव खुदखुद ठेवलं आणि ते असं चिकटलं की चाळिशी उलटली, केसांत पांढरं डोकावलं, दुकानाची मालकीण झाली, तरी गल्लीतली माणसं दारातून "खुदखुद आहे का?" असंच विचारतात. ती आत असली तर खरं म्हणजे विचारावं लागत नाही.

दुकान सोफे-खुर्च्या दुरुस्त करण्याचं, मूळचं बाबांचं. बसलेला सोफा उलटा करायचा, तुटक्या पट्ट्या कापायच्या, स्प्रिंगा बांधायच्या, त्यावर काथ्या, त्यावर कापूस आणि सगळ्यात वर गिऱ्हाइकाने हौसेने निवडलेलं भयंकर कापड. कापड ताणून ठोकायचं तर दोन्ही हात गुंततात, म्हणून बारीक खिळे ओठांत धरायचे आणि जिभेने एकेक पुढे सारायचा. बाबा तसंच करत, तीही तसंच करते. दिवसभरात ती गंभीर असते ती तेवढा वेळ. ओठांत खिळे असले की हसू घशाच्या अलीकडे येतच नाही, त्यालाही जिवाची भीती असतेच.

थोरली बहीण दातांची डॉक्टर. "एक पोरगी दात काढायचं शिकली, दुसरी जन्मल्यापासून काढतेच आहे," असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आणि स्वतःच हसत. हसणं तरी कसं! आधी नाकातून एक शिट्टी, मग बराच वेळ नुसते खांदे हलणार, बघणाऱ्याला वाटावं की आता हे काही परत येत नाहीत, आणि मग एकदम पोटातून धो धो. ताई मात्र ओठ मिटून हसणारी. "बाबा, तोंडात खिळे धरू नका. दात झिजतात. गिळाल एखाद दिवशी," हे तिने आयुष्यभर सांगितलं, आणि बाबांनी आयुष्यभर ओठांत खिळे धरून मान डोलावली.

गेल्या वर्षी बाबा गेले. घरी सगळे जमले. प्रार्थना सांगायला एक फार भारदस्त गृहस्थ आले आणि नेमके कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बसले. त्या खुर्चीची एक स्प्रिंग बाबांनी मुद्दाम कुरकुरती ठेवली होती. "पाहुणा चिकटला की ही आपल्या वतीने बोलते," म्हणायचे. गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "आता त्यांना कसलीही तक्रार उरलेली नाही." आणि खुर्ची म्हणाली, कुईंऽऽ.

खुदखुदच्या नाकातून शिट्टी निघाली. मग खांदे. मग जे व्हायचं ते झालंच. खोलीभर माणसं, मधोमध बाबा, आणि ती पोट धरून हसतेय. ताईचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. तिने धाकटीचं कोपर धरलं, स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. "तुझ्यात श्रद्धा म्हणून काही नाहीच," एवढंच म्हणाली. त्यानंतर बोलणं बंद. काही सांगायचंच असलं तर भाऊजींमार्फत.

हसणाऱ्या माणसाला काही लागत नाही असा लोकांचा एक उगाचच समज असतो. खुदखुदला ते वाक्य लागलं, चांगलं खोलवर लागलं. पट्ट्या ताणता ताणता ती विचार करी: बाबा गेले आणि आपण अजून रडलोसुद्धा नाही. ताई म्हणते ते खरं असेल का? मग तिने ठरवलं, श्रद्धा शोधायची. हरवलेली कात्री शोधावी तशी, एकेक खोली घेत.

पहिल्या ठिकाणी डोळे मिटून बसायचं होतं. सगळं शांत झालं आणि शेजारच्या काकूंचं पोट बोललं, तेही प्रश्न विचारल्यासारखं. खुदखुदला चपला हातात देऊन जिना दाखवण्यात आला. दुसऱ्या ठिकाणचे गुरू देहाने दाराएवढे होते आणि आवाज डासाचा. तिथे ती "मुलांनो" या पहिल्याच शब्दाला बाद झाली. तिसऱ्या ठिकाणी चक्क हसण्याचाच वर्ग होता. इथे आपलं नाणं खणखणीत वाजणार म्हणून ती पुढच्या रांगेत बसली. "हं, आता मोकळं हसा," असा हुकूम सुटला आणि हिला काही केल्या हसू येईना. घड्याळ लावून हा हा हा करणारी ती बिचारी माणसं पाहून तिलाच भरून यायला लागलं, तेव्हा ती आपणहून निघाली.

अशात एक निवृत्त शिक्षक दुकानात आले. जन्मभर भूगोल शिकवलेले, बारीक अंगाचे, बोलताना समोरच्याच्या मागे नकाशा असल्यासारखे बघणारे. पायाचं स्टूल दुरुस्तीला टाकायला आले होते, खुदखुदची कहाणी ऐकून बसूनच राहिले.

"आमच्याकडे या की. रविवारी सकाळी, सायकलच्या दुकानाच्या वर."

"तिथे काय मानावं लागतं?"

"जे मानत असाल ते."

"आणि काहीच मानत नसलं तर?"

"तशा दोघी आहेत. त्याच सगळ्यांच्या आधी येतात."

हसू आलं तर, असंही तिला विचारायचं होतं. पण चपला, जिना सगळं डोळ्यांपुढे आलं आणि तिचा धीर झाला नाही.

रविवारी जिना चढण्याआधी तिने खिशातून तीन खिळे काढले, कुडत्याला पुसले आणि ओठांत धरले. मिठाची गुळणी धरून बसणारे पुष्कळ असतात, हिने लोखंडाची धरली.

वर एक लांबट खोली होती. खालून टायरचा वास येत होता. गोलात मांडलेल्या खुर्च्यांतली एकही दुसरीसारखी नव्हती आणि सगळ्यांना दुरुस्तीची गरज होती, हे तिने आत पाऊल टाकतानाच पाहिलं. कोणी माळ ओढत होतं, कोणी पुटपुटत होतं. एक बसड्रायव्हर डोळे उघडे ठेवून खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत होता, त्याचा देव तिथे असावा. पाव भाजणाऱ्या बाईंनी हसून शेजारची खुर्ची पुढे ओढली. नाव नाही, गाव नाही, कुठून आलात नाही. इथली बहुतेक माणसं कुठून ना कुठून हाकललेली होती, त्यांच्या जन्माला पुरतील एवढ्या चौकशा होऊन गेल्या होत्या. म्हणून इथे नियम एकच, कोणी कोणाला "असं का?" म्हणून विचारायचं नाही.

घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा मध्येच घोरले. कबुतर आत येऊन फिरून गेलं. खुदखुदचे खांदे एकदा हलले, पण खिळ्यांनी राखलं. शेवटपर्यंत टिकली! चहाच्या वेळी तिने पाठ वळवून खिळे तळहातावर काढले, ते फक्त पाववाल्या बाईंनी पाहिले. बाईंनी "असं का?" विचारलं नाही. डोळे मिटून मान तेवढी हलवली, मोठ्या आदराने.

खुदखुद जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. दुसऱ्या रविवारी गेली, तिसऱ्या रविवारी गेली. आठवडाभर ती कापडाच्या ताग्यांशी गप्पा मारत होती, गिऱ्हाइकांना न मागता उशा शिवून देत होती. तिला जागा मिळाली होती! लबाडीने का होईना, मिळाली होती. फक्त रविवारी सकाळी आपण तिथे असतो की आपले खिळे असतात, हे काही तिला नीट सांगता आलं नसतं.

चौथ्या रविवारी तिने सहज समोर पाहिलं. शिक्षकांच्या ओठांत खडूचा तुकडा होता. हनुवटीपर्यंत पांढरा ओघळ आला होता आणि चेहऱ्यावर परम शांती. तिने डावीकडे पाहिलं. घड्याळवाल्यांच्या ओठांत इवलासा स्क्रू. पाववाल्या बाईंच्या ओठांत गव्हाचा दाणा. बसड्रायव्हरच्या तोंडात बसची किल्ली, साखळीसकट. विचारायची सोय नव्हती, तेव्हा पाववाल्या बाईंकडून ऐकून त्यांनी आपापसांत अर्थ लावला होता. ही बाई आपलं हातातलं काम ओठांवर ठेवून देवापुढे बसते! किती सुंदर! आपणही बसावं. काहीच न मानणाऱ्या दोघींनी तोंडात काही धरलं नव्हतं, पण सोबत म्हणून ओठ मात्र घट्ट मिटले होते.

खुदखुदच्या पोटात हसू असं काही उसळलं की तिला खुर्चीचे हात धरावे लागले. आता हसलो तर ही सगळी भली माणसं उघडी पडणार, आणि आपण पुन्हा जिन्यावर. तिने खिळे दाबून धरले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पाहून पाववाल्या बाईंचेही डोळे भरून आले.

तेवढ्यात जिन्यावर टाचा वाजल्या आणि दारात ताई उभी राहिली.

झालं होतं असं की पाववाल्या बाईंनी ही नवी साधना कौतुकाने एका गिऱ्हाइकाला सांगितली होती, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे भाऊजी. भाऊजी बातमी आहे तशी पोचवणाऱ्यांतले नव्हेत. "तुझी बहीण एका पंथात गेलीय," त्यांनी घरी जाऊन सांगितलं. "खिळे खातात म्हणे."

ताई तशीच निघाली होती. हातात दवाखान्याची पिशवी, केस अर्धे विंचरलेले. तिने खोलीभर नजर फिरवली. खडू, स्क्रू, किल्ली. दातांच्या डॉक्टरने जन्मात कधी पाहू नये ते सगळं एका गोलात मांडलेलं होतं.

"खुदे! तोंड उघड."

वर्षभरात ताई पहिल्यांदा तिच्याशी बोलली ती ही. खुदखुदने तोंड उघडलं. ताईने खिळे काढून रुमालात टाकले आणि बाकीच्यांकडे वळली. "तुम्ही पण. सगळे. उघडा."

"असं का?" विचारायचा तिथे रिवाजच नव्हता. सगळ्यांनी डोळे मिटले, माना वर केल्या आणि तोंडं उघडली. त्या दोघींनीसुद्धा. ताई पिशवीतून छोटी बॅटरी आणि आरसा काढून एकेकापुढे जाऊ लागली.

"ही किल्ली किती जणांच्या हातांत जाते, कल्पना आहे? थुंका इथे. तुमचा स्क्रू. थुंका. आणि खडूवाले मास्तर, तुमची उजवीकडची दाढ किडली आहे. उद्या या दवाखान्यात."

"येईन," मास्तर भारावलेल्या आवाजात म्हणाले. त्यांच्या मते आज साधनेचा पुढचा टप्पा झाला होता. "फार हलकं वाटतंय."

खुदखुदच्या नाकातून शिट्टी निघाली. आता ओठांत खिळे नव्हते. खांदे हलू लागले, हलतच राहिले, आणि मग पोटातून धो धो आलं. ती खुर्चीवरून घसरली, जमिनीवर बसली, मुरकुंडी वळून हसू लागली. मग एकदम भानावर आली. तोंडावर दोन्ही हात दाबून म्हणाली, "चुकलं, ताई. चुकलं. मी जाते."

ताई रुमाल हातात धरून खोलीच्या मधोमध उभी होती. तोच पांढरा चेहरा, स्वयंपाकघरातला. पण तिने कोपर धरलं नाही. ती धाकटीशेजारी खाली जमिनीवरच बसली, डॉक्टरीणबाईंचा सगळा इस्त्रीचा कारभार चुरगाळत.

"अगदी तसंच," ती म्हणाली. "त्या दिवशी तू हसलीस ना, मला वाटलं बाबा हसले. खरंच वाटलं, गं. मी वळून बघितलं." तिचा आवाज फाटला. "तर ते तसेच पडलेले. म्हणून तुला बाहेर काढलं. मला ऐकवेना."

कोणी काही विचारलं नाही. पाववाल्या बाईंनी पाण्याचा पेला तेवढा जमिनीवर सरकवला. खुदखुदच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या खेपेला त्यात हसू नव्हतं. बाबांसाठी ती पहिल्यांदाच रडत होती, भोकाड पसरून, लहान पोरीसारखी. ताईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रुमालाच्या खडूने माखलेल्या टोकाने तिचं तोंड पुसलं. त्यामुळे ते पांढरंफटक झालं.

हुंदके ओसरले. मग ताई हळूच म्हणाली, "खुदे, पुन्हा हस ना एकदा."

"हुकमावर येत नाही गं मला. वर्गातून परत आलेय मी."

"प्रयत्न तरी कर."

खुदखुदने डोळे पुसले, दम घेतला आणि म्हणाली, "हा. हा. हा."

"शी! हे तर तुझ्या भाऊजींसारखं झालं."

आणि शिट्टी निघाली. खांदे हलायला लागले. मास्तरांनी घाईने खुर्ची मागे ओढून तिला जागा करून दिली. ताईने रुमाल बाजूला ठेवला, हात मांडीवर घेतले, आणि त्या खोलीत सगळे मिटतात तसे डोळे मिटून ऐकत बसली.