मधला कट्टा

नेरूळच्या बागेत संध्याकाळी निवृत्त मंडळींचे दोन बाक भरतात. एका बाकाचा पाठिंबा अमेरिकेला, दुसऱ्याचा रशियाला. सारसोळे गावातले एक गृहस्थ मात्र मधल्या कट्ट्यावर एकटेच बसतात. बसण्याआधी रुमालाने दोघांपुरती जागा पुसतात.

“आपन, लंका, नेपाळ, सगल्या शेजाऱ्यांनी एकत्र बसावं. मोठ्यांच्या दारात कशाला उभं ऱ्हायचं?” असं ते म्हणाले की दोन्ही बाक हसतात.

“काका, कुंपणावर बसाल तर दोन्हीकडून मार खाल. या इकडे, चहा आलाय.”

“चहा पायजे, बाजू नको.”

“मग बसा कोरडे!”

ते खरंच कोरडे बसतात.

पत्नी गेल्यानंतर मी पहिल्यांदा बागेत आलो, तेव्हा दोन्ही बाकांनी हाक मारली. सांत्वन झालं आणि लगेच युद्धाचा विषय निघाला. “बोला साहेब, तुम्ही कोणाच्या बाजूने?” मी उठलो आणि कट्ट्यावर, त्या पुसलेल्या जागी बसलो.

त्यांनी काही विचारलं नाही. अंधारून आल्यावर समोर बघतच म्हणाले, “कुनाच्याच बाजूचं नसनं एकट्याला लय जड जातं. शेजारी लागतो.”