आधी मुली खेळतील

संयोजक सत्काराचं निमंत्रण घेऊन घरी आले तेव्हा मी कोलंबी सोलत बसले होते. बोईसरला फुटबॉलची स्पर्धा होती, कारखान्यांतल्या कामगारांच्या संघांची, आणि अंतिम सामन्याला त्यांना 'आपल्या पालघरची आंतरराष्ट्रीय खेळाडू' पाहुणी म्हणून हवी होती. हे गृहस्थ कारखान्यांना माणसं पुरवण्याचं कंत्राट घेतात आणि पुढच्या निवडणुकीला उभे राहणार आहेत, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी हात न धुताच म्हटलं, येते. पण एक अट आहे. अंतिम सामन्याआधी माझ्या मुलींची मॅच लावायची.

माझ्या मुली म्हणजे मी शिकवते त्या. शाळेतून पीटी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, पण पाय घरी टिकत नाहीत, म्हणून मुरबे, दांडी आणि आसपासच्या मुली गोळा करून त्यांना खेळायला शिकवते. जिल्ह्याची निवड करणारे दोन गृहस्थ या अंतिम सामन्याला येणार होते. मुलींसाठी ते वेगळे कधी आले नसते. त्यांनी मुलींना खेळताना पाहिलं, तर राज्याच्या शिबिरासाठी एखाददुसरीचं नाव लागण्यासारखं होतं. विशेषतः दांडीच्या माझ्या गोलकीपरचं. तिच्या घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. यंदा नाव लागलं नाही तर पुढच्या वर्षी ती मैदानावर नसणार, हे मला जितकं माहीत होतं तितकंच तिलाही.

संयोजक म्हणाले, "हा काय प्रश्न झाला, बाई? लावली समजा."

मी समजले. नको होतं समजायला.

आता मी आंतरराष्ट्रीय खेळाडू कशी, ते सांगते, कारण लोक ते फार हसत हसत ऐकतात. मी मुरब्याची, तांडेलाची, म्हणजे मासेमारीची बोट चालवणाऱ्याची मुलगी. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत गावातल्या बाप्यांना काम नसतं, जाळी विणायची आणि फुटबॉल खेळायचा. आमचं मैदान म्हणजे ओहोटीची ओली, घट्ट वाळू. ओहोटी असेल तेव्हा खेळ, भरती आली की घरी. एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि वाळू समुद्राकडे उतरती. गावचा नियम असा, की चेंडू ज्याच्या पायाला शेवटचा लागून पाण्यात गेला त्याने तो आणायचा. पावसाळ्यातल्या समुद्रातून! एकदा माझा चुलतभाऊ चेंडूमागे गेला आणि त्याला दोरी टाकून ओढून काढावं लागलं. तेव्हापासून चेंडू समुद्राकडे जाऊच द्यायचा नाही हे आमच्या पायांत मुरलं. भाऊ कमी पडले की मला खेळायला घ्यायचे, आणि मी समुद्राच्या बाजूला उभी राहायची, कारण मी सगळ्यांत हलकी आणि पळायला चपळ.

पालघरच्या कॉलेजात मुलींचा संघ निघाला आणि तिथून पुढे मी कशीबशी देशाच्या संघापर्यंत पोचले. पोचले म्हणजे स्वतःच्या खर्चाने पोचले. आई पाटी डोक्यावर घेऊन मासे विकायची, तिने प्रवासाचं बघितलं. आम्हाला पगार नव्हता, भत्ता नव्हता, नोकरी नव्हती. पुरुषांच्या संघाचे जुने शर्ट आम्हाला दिले, गुडघ्यापर्यंत यायचे, आणि दौरा संपल्यावर धुऊन परत मागितले. होय, परत मागितले. देशाचा शर्ट मी अंगावर घातला याचा पुरावा म्हणून माझ्याकडे चिंधीसुद्धा नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या, आणि लष्कराने तवाही काढून घेतला.

पहिल्याच सामन्यात मी तो प्रसिद्ध घोटाळा केला. चेंडू समोरच्या मुलीच्या पायाला लागून रेषेबाहेर चालला होता. सोडून दिला असता तर थ्रो आमचा होता. पण रेषेपलीकडे मला समुद्र दिसला असावा. जिवाच्या आकांताने धावले, पाय घातला आणि चेंडू आत ओढला, तो थेट त्यांच्या दुसऱ्या मुलीकडे. तिने गोल केला. प्रशिक्षक ओरडले, बाहेर का जाऊ दिला नाहीस? मी म्हटलं, सर, आमच्याकडे बाहेर गेलेला चेंडू आणायला पोहावं लागतं.

लोकांना माझ्या कारकिर्दीतला एवढाच प्रसंग आवडतो. पुढच्या सामन्यात दोन गोल माझ्या पासवर झाले, ते कुणी विचारत नाही. परत आले, लग्न झालं, आणि दुसऱ्यांदा संघात नाव आलं तेव्हा निरोप घेऊन आलेल्या माणसाला सासऱ्यांनी ओट्यावरूनच सांगितलं, "ती आता नाय खेलत." मी आत स्वयंपाकघरात होते. मला ते चार दिवसांनी कळलं. एवढी माझी कारकीर्द. आजही आठवलं की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं, आणि कधी कधी आपटतेही.

तर, स्पर्धेचा दिवस. मुली आपसात दोन संघ करून दुपारी चारला तयार होऊन मैदानाच्या कडेला बसल्या. काहींच्या आया बाजारातून थेट आल्या होत्या, रिकाम्या पाट्या घेऊन. गोलकीपरची आई मला म्हणाली, "मी हिला कंदी खेलताना बगितलीच नाय. आज बगूनच जाईन." मंडपात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि निवेदकाने तो थ्रोचा किस्सा सांगितला, तोही चुकीचा. त्याच्या गोष्टीत मी घाबरून समुद्रात पळाले होते. मंडप खो खो हसला. मी शाल सावरत घड्याळाकडे बघत होते.

मोठे पुढारी यायचे होते आणि ते हायवेवर चिल्हार फाट्याला गाड्यांच्या गर्दीत अडकले होते. साडेचार झाले, पाच झाले. मैदान रिकामं. मी तीनदा निरोप पाठवला, की तोवर मुलींना खेळू द्या. उत्तर आलं, की पाहुण्यांच्या आधी मैदानावर काही सुरू करायचं नाही, बरं दिसत नाही. पुढारी सव्वापाचला आले, हारतुरे झाले, भाषण झालं. भाषण महिलांच्या प्रगतीवर होतं. मग संयोजक माझ्या कानाशी वाकले. "बाई, उजेड कमी आहे. आता थेट फायनल घेऊ. बक्षीस समारंभ झाला की मुलींचं बघू या ना."

तळपायाची आग मस्तकात गेली. बक्षीस समारंभानंतर अंधार होणार आणि निवडवाले गाडीत बसून जाणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मुलींच्या तोंडाला पानं पुसायची होती आणि पुसायला फडकं म्हणून मला शाल पांघरून बसवलं होतं!

नाणेफेकीला मला मैदानात बोलावलं. गेले. दोन्ही संघ रांगेत उभे होते. मी नाणं पंचांच्या हातात परत दिलं, मध्यरेषेवर गेले आणि बरोबर मधोमध, पांढऱ्या ठिपक्यावर मांडी घालून बसले. साठीच्या बाईला नऊवारी नसली तरी पाचवारीतही पटकन बसता येत नाही, पण बसले.

एका संघाचा कप्तान, बिहारकडचा कामगार पोरगा, धावत आला. "मैडम, तबीयत ठीक है?"

"एकदम ठीक है. पहले लड़कियाँ खेलेंगी."

त्याने डोकं खाजवलं, आपल्या पोरांकडे बघितलं आणि सगळे जाऊन सावलीत बसले. त्याला काय, पाणी प्यायला मिळालं.

संयोजक आले. "बाई, असं काय करता? लोक बघतायत."

"तेच तर. लोक बघतायत, तोवर मुलींना खेळू द्या."

"पाहुण्यांचा अपमान होतोय."

"मी पण पाहुणीच आहे," मी म्हटलं. "उचला मला."

उचलणार कोण? तासाभरापूर्वी ज्यांनी मला पालघरचं भूषण म्हटलं, त्यांनाच आता फोटोवाल्यांसमोर हात लावायची हिंमत नव्हती. आयांच्या बाजूने आधी एक आरडाओरडा आला आणि मग पाट्या बडवायचा आवाज. पुढाऱ्यांना वारा कुठला ते लवकर कळतं. त्यांनी माइकवरून जाहीर केलं, "आपल्या भगिनींचा सामना आधी होईल, ही माझीच इच्छा आहे."

मुली खेळल्या. वीस मिनिटं मिळाली, पण खेळल्या. गोलकीपरने एक पेनल्टी अशी अडवली, की सावलीतले कामगार उठून उभे राहिले. निवडवाल्यांनी तिला आणि डावीकडून खेळणाऱ्या एका मुलीला बोलावून घेतलं. शिबिराला या म्हणाले. गोलकीपरची आई पुढे झाली आणि कुणी विचारायच्या आत म्हणाली, "येल. मी धाडीन." मला एकदम रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला.

निघताना संयोजक हसत आडवे आले. "बघा बाई, शेवटी आम्हीच मुलींना संधी दिली की नाही?"

मी म्हटलं, "मैदान लोकांचं, मुली आमच्या. तुमचा फक्त मांडव होता, तोही भाड्याचा."

रिक्षात मुली एकमेकींच्या मांडीवर बसल्या होत्या आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. गोलकीपर तेवढी बाहेर बघत बसली होती. मुरब्याच्या वळणावर तिने मला विचारलं, "बाय, तिकडं शिबिरात तरी आमाला येलेवर खेलाला देतील ना?"



"नाही दिलं तर मधोमध जाऊन बस," मी म्हटलं. "आणि माझ्यासारखी एकटी नको बसूस. सगळ्यांना बसव."