मजकूर माझा, अक्षर चाचांचं

भिंतीसमोर उभे राहिले की चाचा आधी एक डोळा मिटायचे, ब्रश हातभर पुढं धरायचे आणि मुलगी बघायला आल्यासारखे भिंत न्याहाळायचे. मग गिऱ्हाईकाकडं न वळताच विचारायचे, "बोला, मजकूर काय?" गिऱ्हाईक मजकूर सोडून बाकीचंच सांगत बसलं, तर त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. "मजकूर गिऱ्हाईकाचा, अक्षर आपलं. बाकीचं चहाला बसल्यावर."

मी लातूरला अकरावीला आलो, तेव्हा माझी खोली त्यांच्या दुकानासमोर होती. दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी, रंगाचे डबे आणि चाचा. माझे वडील मुरुडजवळच्या खेड्यात शिक्षक, म्हणून पहिल्याच दिवशी चाचांनी माझं नाव 'मास्तर' ठेवून टाकलं. त्या काळात तुम्ही लातूरला शिकायला असाल, तर त्यांचं अक्षर तुम्ही नक्की वाचलेलं आहे. गल्लोगल्ली खासगी क्लास निघत होते आणि प्रत्येकाला बोर्ड हवा होता. एकाच रस्त्यावरच्या तीन क्लासांसाठी त्यांनी 'जिल्ह्यात प्रथम' रंगवलं. मी हसलो, तर म्हणाले, "हसू नको. तिघं बी पहिलेच हायेत. दुसरा यायला कुणी तयारच न्हाई."

बाकीचे पेंटर बोर्डाच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकायचे. चाचा टाकत नसत. त्यांची वेलांटी वर जाऊन जरा पुढं झुकायची, ज्वारीचं भरलेलं कणीस झुकतं तशी. ती दिसली की लोक म्हणायचे, हे चाचांचं काम. पक्ष कुठलाही असो, भिंत रंगवायची तर आधी त्यांच्याकडं यायचे.

संध्याकाळी मी त्यांच्याकडं जाऊन बसायचो. आधी नुसता बघायचो. मग त्यांनी मला अक्षरं भरायला दिली. कडा ते काढायचे, आतला रंग मी भरायचो. पुढं कडाही काढायला शिकवल्या. दोरीला खडूची पूड लावून भिंतीवर रेघ कशी उमटवायची, रेघ ओढताना श्वास कसा धरायचा, हे सगळं शिकवलं. "लई घाई करून राहिलास मास्तर," म्हणायचे. "भिंत कुठं पळून चालली?"

आता लाज वाटणारा भाग. त्याच वर्षी मला राजकारण चढलं. एक संघटना होती, नाव सांगत नाही. तिच्यात गेलो आणि महिन्याभरात मला देशाच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं सापडली. फिजिक्सची तेवढी सापडत नव्हती. गळ्यात रुमाल, कपाळाला टिळा आणि ओठावर जेमतेम उगवलेली मिशी घेऊन मी खोलीतल्या आरशासमोर भाषणं करायचो. समोरच्या टपरीत बसलेला माणूस आणि भाषणातले 'ते लोक' यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे मला सुचलंच नाही. भाषण संपलं की मी खाली उतरून त्याच माणसाच्या हातचा चहा प्यायचो. इतका मठ्ठपणा मी पुढं कुणात पाहिला नाही.

त्या हिवाळ्यात देशभर पेटलं. संघटनेत ठरलं की आपल्या गल्लीत घोषणा लिहायची, आणि लिहायची आपल्याच माणसानं. अक्षर कुणाचं चांगलं, तर माझं. मी फुगलो. शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला गेले होते, टपरी बंद होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात मी कोपऱ्यावरच्या लांब भिंतीवर घोषणा लिहिली. ती इथं सांगणार नाही. तिच्यात 'चालते व्हा' असं होतं आणि कोणी चालतं व्हायचं तेही होतं.

मला लिहायची एकच पद्धत येत होती, ती चाचांची. वेलांट्या झुकल्या.

चाचा परत आले आणि भिंतीसमोर थांबले. मी वर खिडकीत होतो. त्यांनी एक डोळा मिटून सगळी ओळ शांतपणे वाचली. मग वर बघितलं आणि म्हणाले, "वेलांटी चांगली आली, मास्तर." त्या आवाजात राग असता तर मी एव्हाना तो विसरून गेलो असतो.

पुढं जे झालं ते कुणी ठरवून केलं नव्हतं. गावानं अक्षर ओळखलं. चाचांच्या मोहल्ल्यातही ओळखलं. चार पैशांसाठी यानं आपल्याच लोकांविरुद्ध लिहिलं, असं तिथं झालं. पोलीस विचारायला आला, तेव्हा मी खिडकीमागं उभा होतो. चाचांनी त्याला सांगितलं, "गिऱ्हाईक आलं, मजकूर दिला. नाव विचारायची सवय न्हाई आपल्याला." संध्याकाळी त्यांचा धाकटा भाऊ आला. त्याचं पुढच्या गल्लीत सायकलचं दुकान होतं. दोघं भाऊ रोज दुपारी एका डब्यातून जेवायचे. भाऊ रस्त्यातच उभा राहून म्हणाला, "तू लिहिलंस का न्हाई, एवढंच सांग." चाचा उघड्या डब्यातला रंग ढवळत राहिले. "मग आजपासून तू मला मेलास," म्हणाला आणि गेला.

मी खाली गेलो. म्हटलं, मी सांगतो सगळ्यांना. चाचांनी डब्याचं झाकण लावलं. "आता गावात कुणाचं बी नाव घेतलं तर आग लागंल. अन् तुला धरून नेलं तर पुढची बारावी गेली. तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू?"

त्यांचा आणि माझ्या वडिलांचा संबंध एवढाच की वडील कधी भेटायला आले की दोघं बाकड्यावर बसून चहा प्यायचे.

काम तुटलं. आमच्या बाजूचे लोक पेटल्यापासूनच येईनासे झाले होते, आता त्यांच्या मोहल्ल्यातलेही थांबले. उन्हाळ्यात चाचा बायकोच्या माहेरी मुदखेडला निघून गेले. संघटनेत जाणं मी बंद केलं, पण ते काही शौर्य नव्हतं. नुसतंच बंद केलं.

त्यानंतर भूकंप झाला. आमच्या कॉलेजची मुलं ट्रकमधून पडलेल्या खेड्यांत मदतीला गेली, त्यात मीही होतो. माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आल्यावर पुन्हा गेलो, तर तिथं चाचा. कुणा ठेकेदारानं रोजंदारीवर आणले होते. सगळ्या शेड एकसारख्या, म्हाताऱ्या माणसांना आपलं दार सापडत नव्हतं. म्हणून ते दारादारावर घरमालकाचं नाव लिहीत होते. एका आजीनं गेलेल्या मुलाचं नाव सांगितलं. शेजारीण म्हणाली, अगं तो न्हाई ना आता. चाचांनी तेच नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि आजीला विचारलं, "दिसतंय का लांबून, अम्मा?"

मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी मला ओळख दिली, तब्येत विचारली, अभ्यास विचारला. मी म्हटलं, चाचा, मला सांगू द्या. त्यांनी ब्रश पुसून डब्यात ठेवला. "गावाला नको सांगू. धाकट्याला सांग, एकट्याला. पण बारावी होऊ दे आधी."

बारावी झाली. मग पदवी, मग बँकेची परीक्षा, मग नांदेडला नोकरी. प्रत्येक वेळी वाटायचं, हे एवढं उरकू आणि लातूरला जाऊन सांगू. मुदखेड नांदेडहून केवढंसं, तिथंही गेलो नाही. वाचकहो, मी घाबरत होतो. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

शेवटी मुदखेडला गेलो, तेव्हा माझीच मिशी पांढरी व्हायला लागली होती. चाची दारात तांदूळ निवडत होत्या. चाचा हिवाळ्यातच गेले होते. "धाकट्याला निरोप धाडला व्हता," त्या म्हणाल्या. "मातीला बी आला न्हाई. हे शेवटपर्यंत दाराकडं बघून राहिले व्हते."

त्याच आठवड्यात मी लातूरला गेलो. सायकलचं दुकान तिथंच होतं. भाऊ आता म्हातारा झाला होता, चेहरा थेट चाचांचा. चाकातली एकेक तार कसत बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. भिंत, शुक्रवार, वेलांटी, पोलीस, सगळं.

"त्याला ठाऊक व्हतं, तू लिहिलंस म्हणून?"

"हो."

"अन् मी रस्त्यात इचारलं तवा बी?"

"तेव्हाही."

त्यानं चाक खाली ठेवलं. हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. माझ्यावर ओरडेल, हात उचलेल, असं वाटत होतं आणि त्यानं तसं करावं असं मनापासून वाटत होतं. त्यानं मला बसायला स्टूल दिलं. मग रस्त्याकडं बघत, खरंच उत्तर हवं असल्यासारखं त्यानं मला विचारलं, "आता मी कुणाशी बोलू?"