ओटीपी सांग

"हात धुऊन ये," सर म्हणाले. "साबणाने."

मी हात धुऊनच बसले होते. तरी उठले. मागच्या बेसिनवर पुन्हा धुतले, पदराला पुसले आणि परत आले. तोवर माझ्या खुर्चीवर सरांनी जुना पेपर अंथरला होता. ग्रंथालयात नवीन कॉम्प्युटर आले होते आणि कंपनीची ट्रेनर मॅडम आम्हाला ऑनलाइन सिस्टीम शिकवायला आली होती. आम्ही म्हणजे ग्रंथपाल सर, क्लार्क नलिनीताई आणि मी, शिपाई. नलिनीताईंचं झालं होतं. मी पेपरवर बसले, माऊस धरला, सांगितलेलं पुस्तक शोधून दाखवलं. मॅडम म्हणाली, "अरे वा मावशी, एकदम परफेक्ट." सर हसले. "हिला नुसती ओळख करून द्या. हिचं काम फडक्याचं." मी उठल्यावर त्यांनी टिशूवर सॅनिटायझर घेतलं आणि माऊस पुसला. माझ्यासमोर. नलिनीताईंनंतर पुसला नव्हता.

मी वटारची. गावाच्या टोकाच्या वस्तीतली. हे मला सांगावं लागत नाही, आडनाव ऐकलं की लोकांना कळतं. आता मनवेलपाड्यात भाड्याने राहते. सोळा वर्षं या ग्रंथालयात झाडते, पुसते, कपाटं लावते. राग यायचा, मी गिळायचे. त्या दिवशीही गिळला. त्याची मला आज लाज वाटते.

सिस्टीममध्ये प्रत्येकाचं नाव टाकायचं होतं. सर म्हणाले, "हिचंही टाका. आणि मंजुरीचा ओटीपी हिच्याच नंबरवर येऊ दे. माझ्या फोनवर दिवसभर मेसेज, त्यात सापडायचा नाही."

मॅडम थांबली. "सर, अप्रूव्हल तर तुमचं असतं ना?"

"मी सांगतोय ना."

तिने टाइप केलं. माझा पासवर्डही सरांनीच ठरवला, चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली चिकटवला.

आणि मी मूर्ख, खूश झाले. सर केबिनमधून ओरडायचे, "ए, ओटीपी सांग." मी शिडीवर असेन, हातात फडकं असेल, तशीच सांगायचे. पहिल्यांदा "एकोणपन्नास, बावीस, सतरा" असं म्हणाले तर डाफरले, "एकेक आकडा सांग. बाजारात बसलीस का?" मग एकेक सांगायला शिकले. नवऱ्याला कौतुकाने म्हणाले, मी सांगितल्याशिवाय त्यांचा कॉम्प्युटर पुढे सरकत नाही.

मग मेसेज रविवारीही यायला लागले. रविवारी ग्रंथालय बंद असतं. भर दुपारी मेसेज, पाठोपाठ सरांचा फोन, मी आकडे सांगायचे, फोन कट. असे तीन रविवार गेले. आपल्याला काय करायचंय, असं मनाला बजावत राहिले.

चौथ्या रविवारी मी वटारला आईकडे होते. आई ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. वाडी दुसऱ्याची, हात हिचे. फोन आला, मी आकडे सांगितले.

"कोनाला सांगतेस?" आईने विचारलं.

"सरांना. कामाचं आहे."

"आनि वर काय लिवलाय ते?"

आईला अक्षरओळख नाही. मला आहे. तरी मी वरचं कधी वाचलंच नव्हतं. घाई असायची, आकडे तेवढे बघायचे. आता वाचलं. स्वच्छ मराठीत होतं. पुस्तके बाद करण्याच्या मंजुरीसाठी आपला ओटीपी. मागचे सगळे मेसेज उघडले. सगळ्यांवर तेच.

ज्या वाडीत आई मजुरी करते, तिच्या कडेचा तुकडा एकेकाळी आमचा होता. मालक कागद घेऊन आला, रेशनकार्डाचं काम आहे म्हणाला, आईने अंगठा लावला. मला शाळेत घातलं ते त्या अंगठ्यापायी. आपल्या घरात परत कुणी न वाचता अंगठा लावायचा नाही, असं ती म्हणायची. आणि मी महिनाभर तेच करत होते, फोनवरून.

सोमवारी वर गेले. महिनाभर सरांनी मला खालच्याच कामाला लावलं होतं. वरच्या मजल्यावर जुन्या देणग्यांची पुस्तकं. वसईच्या गावांची, किल्ल्याची, चर्चची, मासिकांचे बांधलेले खंड. कपाटांना नवीन कुलपं होती. काचेतून पाहिलं तर फळ्या रिकाम्या. सर जेवायला गेल्यावर कीबोर्डखालची चिठ्ठी बघितली आणि माझ्या नावाने आत शिरले. यादी उघडली. पानामागून पान. "वाळवी लागल्याने बाद." प्रत्येक ओळीसमोर माझं नाव, नवऱ्याच्या नावासकट. त्या कपाटांत वाळवी कधीच नव्हती. डांबराच्या गोळ्या मीच ठेवत होते. मी प्रत्येक पानाचा फोटो काढला.

नलिनीताई मागे उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "मी काही बघितलं नाही. तूही बघितलं नाहीस. जिल्ह्याहून पुस्तकांची तपासणी येतेय गं."

"ताई, पुस्तकं गेली कुठे?"

"रविवारी टेम्पो येतो. पुढचं मला माहीत नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण शंभरदा ऐकली होती. फास माझ्या मापाचा केलाय हे तेव्हा कळलं.

चार वाजता माझ्या फोनवर मेसेज आला. केबिनमधून आवाज आला, "ओटीपी सांग."

मी मेसेज पूर्ण वाचला. "नाही सांगणार, सर."

ते बाहेर आले. "काय म्हणालीस?"

"यात पुस्तकं बाद करायची मंजुरी आहे. मंजुरी तुमची. माझ्या नावावर नको."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"वाचता येतं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हसले. अगदी हळू म्हणाले, "गुरुवारी तपासणीवाले येतील. यादी कुणाच्या नावाची निघते ते बघ. तुझं ऐकणार कोण?" मग ते तिथेच उभे राहिले. मीही राहिले. ओटीपीची मुदत संपली, तेव्हा कुठे ते वळले.

ते गेल्यावर मी पासवर्ड बदलला. ट्रेनिंगच्या दिवशी मॅडमने नलिनीताईंना शिकवलं होतं, मी मागे उभी राहून पाहिलं होतं. स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला, फोटो जोडले. एक प्रत ग्रंथालयाच्या समितीला, एक जिल्ह्याच्या कार्यालयाला. समितीच्या अर्जाची पोच नलिनीताईंकडे मागितली. त्यांनी आधी केबिनच्या दाराकडे पाहिलं, मग शिक्का मारला.

मंगळवारी सरांनी माझ्याकडून बाकीच्या कपाटांच्याही चाव्या काढून घेतल्या. बुधवारी एक अनोळखी माणूस मोटारसायकलवरून आमच्या चाळीत आला आणि शेजारणीला माझी खोली कुठली ते विचारून गेला. नवरा म्हणतो, अर्ज मागे घे, सोड नोकरी, जीव तर राहील. मी नाही म्हणाले.

उद्या गुरुवार. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण मी जाणार आहे. सोळा वर्षं ती पुस्तकं मी उतरवली, पुसली, परत लावली. कुठलं कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर, कुणाची शिवण उसवलेली, मला तोंडपाठ आहे. तपासणीवाल्यांसमोर मी पहिल्या कपाटापाशी उभी राहीन, एकेका पुस्तकाचं नाव घेईन आणि सरांना विचारीन, हे कुठे आहे. उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्या कपाटाकडे जाणार नाही.