धपकन बसलेला कोळी

बाजारात जिताडा मासा दिसला की मला बाळकुमचा तो कोळी आठवतो. ठाण्यात मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून मी तेव्हा नवाच होतो. त्याला हुडहुडी भरून ताप येत होता आणि लघवी अडली होती. मलेरियाची, टायफॉइडची औषधं घेऊन झाली होती. बायको म्हणाली, "आवो बसा ना, डॉक्टर काय खातान का तुमाला?" बसला, तो एकाच बाजूवर भार देऊन, तिरका. मी बायकोला बाहेर पाठवलं, तेव्हा कुठे त्याने मान खाली घालून बसायच्या जागी होणारं दुखणं सांगितलं. सोनोग्राफीत दिसलं, मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत गळू झालं होतं. असं गळू मी फक्त पुस्तकात वाचलेलं. उशीर झाला असता तर पू रक्तात भिनला असता. सुई घातली, सिरिंज पिवळ्या पुवाने भरली आणि मी मास्कच्या आत चक्क हसलो. ताप उतरला. पुढच्या आठवड्यात तो खाडीतला भलाथोरला जिताडा घेऊन आला, वेटिंग रूममधलं लाकडी बाकडं ओढलं आणि सगळ्यांसमोर त्यावर धपकन बसला. "बगा डॉक्टर!" आजही एखादं अवघड निदान जमलं की केबिनचं दार लावून मी खुर्चीत तसाच धपकन बसतो.